एका पेनीचे अनेक धातू

मंडळी, या टेबलावर मी दोन नाणी ठेवली आहेत. दोन्ही अमेरिकेची एक सेंटची, तिथले लोक जिला पेनी म्हणतात ती. दोन्हींवर लिंकन, दोन्हींवर साल 1982, रंगही तोच. आता ऐका. पहिली टाकतो : खणखणीत वाजली. ही दुसरी : बद्द. पूर्वी बाजारात खोटा रुपया असाच वाजवून ओळखत. इथे मात्र दोन्ही नाणी अस्सल आहेत. पहिलीचं वजन 3.11 ग्रॅम, त्यात 95 टक्के तांबं. दुसरी 2.5 ग्रॅमची, आत जस्त, वर तांब्याचा पातळ मुलामा, आणि सगळं धरून तांबं जेमतेम अडीच टक्के. तांबं महागलं म्हणून टांकसाळीने वर्ष संपायचीही वाट न पाहता धातू बदलला. म्हणून 1982 ची पेनी हाती आली की मी आधी ती तोलून बघतो.

सुरुवात 1793 ची, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतली. तेव्हाचा सेंट शुद्ध तांब्याचा आणि आपल्या ढब्बू पैशासारखा ऐसपैस होता. पहिल्याच नाण्याच्या मागच्या बाजूला साखळी कोरली होती. पंधरा राज्यांच्या एकीची ती खूण. पण नुकत्याच स्वतंत्र झालेल्या लोकांना साखळी कशी रुचणार? त्याच वर्षी तिच्या जागी पानांची माळ आली. 1857 मध्ये नाणं लहान झालं आणि तांब्यात 12 टक्के निकेल मिसळलं.

पुढचा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. यादवी युद्धात लोकांनी नाणी दडवली, खुर्दा मिळेना. तेव्हा दुकानदारांनी स्वतःचे कांशाचे पातळ बिल्ले पाडले आणि गिऱ्हाइकांनी ते बिनतक्रार घेतले. नाण्यात त्याच्या किमतीइतका धातू असायलाच हवा हा आग्रह सामान्य माणसांनी केव्हाच सोडला होता. ते पाहून सरकारने 1864 मध्ये पेनी कांशाची केली : तांब्यात थोडं कथील आणि जस्त.

लिंकन आले 1909 साली, त्यांच्या जन्मशताब्दीला. तेव्हापासून दर्शनी बाजूचा चेहरा तोच आहे. मात्र 1943 मध्ये त्या चेहऱ्याचा रंगच गेला. दारूगोळ्यासाठी तांबं हवं होतं, म्हणून पेनी पोलादाची केली आणि वर जस्त चढवलं. शंभर कोटींहून अधिक नाणी पडली. पांढरीशुभ्र असल्यामुळे लोक ती दहा सेंटचं नाणं समजून फसत. कडांना गंज चढे, आणि लोहचुंबक तिला ओढून घेई. त्याच वर्षी हिंदुस्थानातही धातू वाचवायला पैशाला भोक पाडलं गेलं. तो भोकाचा पैसा तुमच्यापैकी अनेकांनी आजीच्या डब्यात पाहिला असेल. 1943 च्या काही मोजक्या पेन्या चुकून तांब्याच्या पडल्या. त्यांना आज अफाट किंमत येते, म्हणून पोलादी पेनीला तांब्याचा मुलामा देऊन फसवणारेही आहेत. लोहचुंबक लावा, क्षणात कळेल.

1974 सालासाठी ॲल्युमिनियमचीही पेनी पाडून पाहिली, 15 लाखांच्या आसपास. नाणी घेणाऱ्या यंत्रांचे व्यावसायिक विरोधात गेले. डॉक्टरांचं म्हणणं वेगळंच होतं : मुलाने गिळली तर एक्स-रेमध्ये ती नीट दिसणार नाही. जवळजवळ सगळी वितळवली गेली.

जस्ताची पेनीही शेवटी परवडेना. 2024 च्या हिशेबात एकेक पाडायला 3.69 सेंट पडत होते. 12 नोव्हेंबर 2025 रोजी फिलाडेल्फियातच चलनासाठीची शेवटची पेनी पडली. जुन्या पेन्या अजून चालतात. तांब्याच्या पेन्यांतला धातू मात्र दर्शनी किमतीपेक्षा महाग आहे, आणि धातूसाठी त्या वितळवायला 2006 पासून तिथे बंदी आहे.

आता पुढे या आणि ही दोन्ही नाणी स्वतः टाकून बघा. डोळे मिटून ऐका.