मुक्कामाच्या गाडीतला थंड डबा

श्रोतेहो, नमस्कार. एंटेरोव्हायरस हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानांवरून गेले नसेल. परंतु याच कुळातला पोलिओचा विषाणू कोणाला ठाऊक नाही? लहान मुलांच्या तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात फोड आणणारा कॉक्सॅकी विषाणू याच कुळातला, आणि घरादाराचे डोळे एकदम येतात अशा काही साथींमागेही हेच कूळ असते. माणसाला बाधणारे याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. ते बहुधा आतड्यात वाढतात, कित्येक आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतात आणि न धुतलेल्या हातांवाटे किंवा दूषित पाण्यावाटे दुसऱ्याच्या तोंडात जातात.

बहुतेकांना काहीच होत नाही, किंवा दोन दिवस ताप येऊन जातो. थोड्यांना मात्र मेंदूच्या आवरणाचा किंवा हृदयाच्या स्नायूंचा दाह होतो, आणि क्वचित हातपाय लुळे पडतात. पोलिओची बाधा झालेल्या सुमारे २०० मुलांमागे एखाद्याचाच पाय जातो. उरलेली मुले धडधाकट दिसत, अंगणात खेळत विषाणू पसरवत असतात. पुन्हा सांगतो, दोनशेतले एखादेच. म्हणून केवळ रोगी मोजून या विषाणूचा पत्ता लागत नाही. पाळत ठेवायची ती शौचावर.

ही पाळत कशी असते, हे मी पुस्तकातून शिकलो त्याहून अधिक एका एस. टी. कंडक्टरकडून शिकलो. वीस वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी होतो. पावसाळ्यात एका वाडीतल्या चार वर्षांच्या मुलाचा डावा पाय एकाएकी लुळा पडल्याचा निरोप आला. पंधरा वर्षांखालील मुलाला असा लुळेपणा आला, की कारण काहीही वाटो, ते मूल पोलिओ संशयित म्हणून कळवायचे आणि चौदा दिवसांच्या आत त्याच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे, असा नियम आहे. विषाणू रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही, म्हणून नमुने दोन, आणि त्यांच्यात किमान चोवीस तासांचे अंतर. आमची जीप तेव्हा गॅरेजात होती, त्यामुळे बर्फाच्या पिशव्या भरलेला डबा घेऊन मी आदल्या संध्याकाळीच त्या वाडीत मुक्कामाला गेलो. पहाटे त्या माउलीने अंगठ्याएवढा नमुना दिला आणि मी डबा मांडीवर घेऊन मुक्कामाच्या गाडीत बसलो.

कंडक्टरने डब्याकडे पाहिले. “डॉक्टर, मासळी टपावर जाते, आत नाही.” मी म्हटले, मासळी नव्हे, सरकारी नमुना आहे. “कसला नमुना?” मी नुसताच हसलो. शेजारच्या आजी म्हणाल्या, “अरे, काळुंद्रं असतील, लाजतोय तो.” गाडी भरलेली, पाऊस चालू, खिडक्या बंद, आणि कंडक्टर काही केल्या घंटी देईना. शेवटी मी सांगून टाकले, “लहान मुलाची शी आहे.” क्षणभर सगळी गाडी गप्प झाली, मग हशा पिकला, आणि उभ्या प्रवाशांनी खचाखच भरलेल्या त्या गाडीत माझ्याभोवती तीन बाके रिकामी झाली. इतक्या ऐसपैस जागेत मी एस. टी.ने पुन्हा कधीही प्रवास केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तोच डबा, तीच गाडी, तोच कंडक्टर. त्याने पुढचे बाक माझ्यासाठी राखून ठेवले होते. तिकीट फाडताना त्याने विचारले, “कालच्यात भागलं नाही का?” मी कारण सांगितले. त्याने ते ऐकून घेतले आणि पुढच्या प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्याला, कोणी विचारो न विचारो, दोन नमुने का लागतात हे माझ्याहून सोप्या शब्दांत समजावले.

दोन्ही नमुने दोन ते आठ अंश तापमानात मुंबईला, परळच्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्रात गेले. पोलिओ निघाला नाही. दुसरा एंटेरोव्हायरस निघाला. अर्थात तो निरोगी मुलांच्या पोटातही सापडतो, तेव्हा पाय त्यानेच पाडला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. साठाव्या दिवशी फेरतपासणीसाठी गेलो, तेव्हा तो मुलगा न लंगडता माझ्यापुढे धावला. परतीच्या गाडीत कंडक्टरने डबा का नाही म्हणून विचारले, आणि उत्तर ऐकून माझे तिकीट स्वतःच्या पैशांनी फाडले.

वेळ थोडा उरला आहे, तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या विषाणूला बाहेरून चरबीचे आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. दप्तराला सॅनिटायझरची रंगीत बाटली लटकवणाऱ्या शाळांनी नळाला पाणी आणि नळाशेजारी साबणाची वडी ठेवली, तर अधिक उपयोग होईल. साबण आणि पाणी, श्रोतेहो, साबण आणि पाणी.

भारतात जंगली, म्हणजे लशीतून न आलेल्या, पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला, आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पाळत मात्र थांबलेली नाही. मुंबईत २००१ पासून सांडपाणी तपासले जाते, कारण गटारात सगळ्या वस्तीचे आतडे एकदम वाचता येते. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, तेव्हा तिथे एकही मूल लुळे पडलेले नव्हते. तरीही एक ते नऊ वर्षांच्या मुलांना लगेच जादा डोस देण्यात आला. सांडपाण्याचा नमुना भल्या पहाटे, वस्ती जागी होऊन गटार वाहू लागले की घेतात, आणि तोही प्रयोगशाळेत जातो तो बर्फाच्या पिशव्या भरलेल्या थंड डब्यातूनच. नमस्कार.