वाद्यं कुणी वाजवली? ‘द मंकीज’ची गाणी पुन्हा ऐकताना

(पडदा काळा. गिटारची एक छोटी, उसळती सुरावट दोनदा वाजते. हळूहळू चित्र उजळतं: फिरणारी काळी तबकडी.)

निवेदन :

ही सुरावट पुन्हा एकदा ऐकू या. गाण्याकडे जरा वेळ दुर्लक्ष करा, फक्त गिटार ऐका.

(सुरावट पुन्हा.)

जुलै १९६६. हॉलिवूडमधला आरसीए या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा स्टुडिओ. ही गिटार वाजवतो आहे लुई शेल्टन. बास गिटारवर आहे लॅरी टेलर, जो पुढे ‘कॅन्ड हीट’ या बँडमधून वूडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मंचावर दिसला. तबकडीवर मात्र या दोघांची नावं नाहीत. तिथे एकच नाव आहे : ‘द मंकीज’. आणि मंकीज म्हणून जे चौघे साऱ्या अमेरिकेला माहीत झाले, त्यांतल्या एकानेही या गाण्यात वाद्य वाजवलेलं नाही. त्यांच्यातला मिकी डोलेन्झ गायला, इतकंच.

गाणं होतं ‘लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल’. १६ ऑगस्ट १९६६ ला ते बाजारात आलं. ‘द मंकीज’ या ज्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी ते केलं होतं, ती सुरू व्हायला अजून जवळजवळ महिना होता. १२ सप्टेंबरला, सोमवारी संध्याकाळी साडेसात वाजता एनबीसी वाहिनीवर पहिला भाग लागला. नोव्हेंबरात गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

आणि पुढच्या काही महिन्यांत या चार मुलांना ‘नकली’ हा शिक्का बसला. तो पुरता पुसला गेलाच नाही.

(चित्र : १९६५ च्या वर्तमानपत्राची पानं.)

मालिकेची कल्पना बॉब राफेलसन आणि बर्ट श्नायडर या दोघांची. १९६४ साली बीटल्सचा पहिला चित्रपट गाजला होता. तसलीच धावपळ, तसाच खट्याळपणा दर आठवड्याला घराघरांत दाखवता आला तर? कोलंबिया पिक्चर्सची दूरचित्रवाणी शाखा ‘स्क्रीन जेम्स’ पैसे घालायला तयार झाली. सप्टेंबर १९६५ मध्ये चित्रपटव्यवसायाच्या दैनिकांत जाहिरात आली. सतरा ते एकवीस वयाची चार वेडी मुलं हवीत, असं त्यात सरळ लिहिलं होतं. ४३७ जण आले.

निवडलेल्या चौघांपैकी जाहिरात वाचून आलेला एकटा माइक नेस्मिथ. टेक्सासचा, स्वतः गाणी लिहिणारा, थोडा आडमुठा. पीटर टॉर्क न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये कॅफेंतून लोकगीतं गात असे. त्याचं नाव सुचवलं गायक-गिटारवादक स्टीफन स्टिल्सने. मिकी डोलेन्झने लहानपणी सर्कशीवरच्या एका मालिकेत काम केलं होतं. आणि डेव्ही जोन्स मँचेस्टरचा, ब्रॉडवेवर नाव काढलेला. ९ फेब्रुवारी १९६४ ला एड सलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स पहिल्यांदा दिसले, त्याच रात्री त्याच मंचावर डेव्हीही आपल्या नाटकातलं गाणं म्हणून गेला होता.

म्हणजे दोन वादक आणि दोन नट. मिकीला ढोलताशांमागे, म्हणजे ड्रम्सवर बसवलं तेव्हा त्याला ड्रम्स येतही नव्हते. तो शिकायला लागला.

(चित्र : मालिकेतला धावपळीचा प्रसंग, आवाज बंद.)

मालिकेला गाणी लागत, आणि ती भराभर लागत. ती जबाबदारी डॉन कर्शनरकडे होती. त्याच्या हाताखाली न्यूयॉर्कमध्ये गीतकारांचा असा ताफा होता की आज त्यांची नावं वाचताना धडकी भरते : कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन, बॅरी मान आणि सिंथिया वाइल. पंचविशीतला नील डायमंडही गाणी देत होता. लॉस एंजेलिसमध्ये टॉमी बॉइस आणि बॉबी हार्ट यांनी मालिकेचं शीर्षकगीत केलं आणि पहिल्या अल्बमचा बराचसा भार उचलला.

हार्टने सांगितलेली एक आठवण मला फार आवडते. गाडीतल्या रेडिओवर बीटल्सचं ‘पेपरबॅक रायटर’ संपत आलं होतं. शेवटचे विरत जाणारे शब्द त्याला ‘शेवटची गाडी पकड’ असे काहीतरी ऐकू आले. पुढे कळलं, ऐकण्यात चूक झाली होती. पण चुकून ऐकलेली ओळ तर आपलीच ना! त्यातून गाणं झालं. गावाचं नाव त्याने ॲरिझोनातल्या लहानपणच्या एका ओळखीच्या गावावरून घेतलं आणि जरा बदललं.

आता ते गाणं शब्दांसह ऐका. एक मुलगा फोनवरून मैत्रिणीला स्टेशनवर बोलावतो आहे. एका रात्रीची भेट, सकाळी त्याला निघायचं आहे. कुठे, ते सांगत नाही. फक्त इतकंच म्हणतो, की परत येईन की नाही माहीत नाही. १९६६ साली अठरा-वीस वर्षांचा अमेरिकन मुलगा असं कधी म्हणत असेल? व्हिएतनाम हा शब्द गाण्यात कुठेही नाही. पण गाणं सैन्यात बोलावणं आलेल्या मुलाचं आहे, हे लिहिणाऱ्यांनीच पुढे सांगितलं. लहान मुलांच्या गमतीजमतीच्या कार्यक्रमात, उड्या मारणाऱ्या चालीवर, हे गाणं लाखो घरांत वाजत होतं. मिकीच्या आवाजात किंचित घाई आहे, फोनच्या डब्यात टाकायची नाणी संपत आल्यासारखी. मला तरी तो आवाज कुठेच खोटा वाटत नाही.

(थोडी शांतता.)

इथे एक प्रश्न पडतो, आणि तो आपल्याकडच्या कानांना जास्तच पडतो.

आपण पार्श्वगायनावर वाढलो. पडद्यावर ओठ एकाचे, गळा दुसऱ्याचा, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे आणि त्यात कुणाची फसवणूक झाली असं आपल्या मनातही येत नाही. व्हायोलिनचे ताफे, ट्रम्पेट, सॅक्सोफोन कुणी वाजवले, हे तर आपण विचारलंच नाही. मुंबईच्या स्टुडिओंतली ती वाद्यं कितीतरी वेळा गोव्याच्या माणसांच्या हातात होती. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांची नावं रसिकांच्या तोंडी यायला दशकं लागली. आपल्याकडे वादक विस्मरणात गेले, पण गाणं खोटं ठरलं नाही.

अमेरिकेत उलटं झालं. आणि मंकीज तर स्वतःच्या गळ्याने गात होते! शिवाय त्या काळी लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओतल्या वादकांकडून वाजवून घेणं अगदी सर्रास चाले. मोठमोठ्या बँडच्या तबकड्यांवर हॅल ब्लेनचे ड्रम्स आहेत. मग राग याच चौघांवर का? कारण दर सोमवारी लोक त्यांना वाद्यं हातात घेऊन वाजवताना बघत होते. मालिकेत ते बँड होते, आणि प्रेक्षकांनी ते खरं मानलं. मला वाटतं, हा राग त्या प्रेमातूनच आला होता.

पण सगळ्यांत जास्त राग आला होता तो खुद्द माइक नेस्मिथला.

(चित्र : दोन अल्बमची मुखपृष्ठं शेजारी शेजारी.)

‘आय ॲम अ बिलीव्हर’ नोव्हेंबर १९६६ मध्ये निघालं. नील डायमंडचं गाणं, गायला पुन्हा मिकी. दहा लाखांहून जास्त प्रतींची मागणी आधीच नोंदली गेली होती आणि गाणं सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. २००१ च्या ‘श्रेक’ चित्रपटात एका नव्या बँडने तेच गायलं, त्यामुळे ते नातवंडांनाही पाठ आहे. जानेवारी १९६७ मध्ये दुसरा अल्बम आला. तो बाजारात आला आहे हे या चौघांना दौऱ्यावर असताना कळलं! गाणी कुठली घ्यायची, कुणी निवडायची, काहीच त्यांना विचारलं नव्हतं. मुखपृष्ठामागच्या मजकुरात कर्शनरने आपल्या गीतकारांचं भरभरून कौतुक केलं होतं.

हा अल्बम अठरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. यश इतकं मोठं असताना भांडायला उभं राहणं सोपं नसतं. नेस्मिथ उभा राहिला. आम्ही वाजवत नाही, हे त्याने एका मासिकाच्या मुलाखतीत सांगून टाकलं. मग बेव्हर्ली हिल्स हॉटेलातली ती बैठक. कर्शनरने चौघांसाठी रॉयल्टीचे मोठे धनादेश आणले होते. बोलणं चिघळलं, करार वाचून बघ असं तिथल्या एका वकिलाने नेस्मिथला सुनावलं, आणि त्याने भिंतीवर ठोसा मारला. भिंतीला भोक पडलं. ‘हे तुझं तोंडही असू शकलं असतं,’ असं तो त्या वकिलाला म्हणाला. बैठकीला हजर असलेल्यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे.

फेब्रुवारीत कर्शनरने ठरलेलं मोडून आपल्याच पसंतीची तबकडी काढायला घेतली, आणि त्याला जावं लागलं. पुढे त्याने ‘द आर्चीज’ या कार्टून मालिकेतल्या बँडसाठी गाणी करून घेतली. १९६९ चं ‘शुगर, शुगर’ त्यातलंच. कार्टूनमधली मुलं भांडत नाहीत.

(आवाज : स्टुडिओतली कुजबुज, खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणीतरी चार मोजतं.)

आता जे ऐकतो आहोत, ते मला सगळ्यात जवळचं आहे. १९६७ चा मार्च-एप्रिल. ‘टर्टल्स’ बँडमधला बासवादक चिप डग्लस याला नेस्मिथने निर्माता म्हणून बोलावलं. चिपने याआधी एकही अल्बम केला नव्हता. आत चौघे. पीटर कधी पियानोवर, कधी बॅन्जो, कधी ऑर्गन. नेस्मिथ गिटार आणि पेडल स्टीलवर. मिकी ड्रम्सवर, सरळ ठेका धरून बसलेला, जमेल तसा. डेव्हीच्या हातात खुळखुळा आणि टॅम्बरिन. बास बऱ्याचदा चिप स्वतःच वाजवी.

अल्बमचं नाव ‘हेडक्वार्टर्स’. २००० साली राइनो कंपनीने या सत्रांच्या फितींचा तीन सीडींचा संच काढला. ते ऐकणं म्हणजे दाराबाहेर उभं राहून तालीम ऐकणं. गाणं सुरू होतं, कोसळतं. पुन्हा सुरू होतं. मिकीचा ठेका घसरतो. हसतात. पुन्हा चार मोजतात. ज्यांना हॅल ब्लेन एका हाकेवर मिळाला असता, त्यांनी मुद्दाम हा लांबचा रस्ता घेतला.

‘हेडक्वार्टर्स’मधले ड्रम्स साधे आहेत, कुठे कुठे कच्चेही. पण ‘शेड्स ऑफ ग्रे’च्या सुरुवातीला पीटरचा पियानो ऐका. किंवा ‘फॉर पीट्स सेक’, पीटरनेच एका मित्राबरोबर लिहिलेलं, जे दुसऱ्या वर्षी मालिकेच्या शेवटी वाजायचं. त्या कच्चेपणात एक ऊब आहे, जी पहिल्या दोन अल्बममध्ये नाही. जून १९६७ मध्ये हा अल्बम एक आठवडा पहिल्या क्रमांकावर होता. मग बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ आला. पुढचे अकरा आठवडे ‘हेडक्वार्टर्स’ त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या जागी राहिला.

त्यानंतर त्यांनी मधला मार्ग धरला. काही आपण वाजवायचं, काही वादक बोलवायचे. ‘प्लेझंट व्हॅली संडे’ हे त्यातलं रत्न. किंग आणि गॉफिन यांनी न्यू जर्सीतल्या आपल्या उपनगरावर लिहिलेलं. चिपने रचलेली गिटारची सुरावट नेस्मिथच्या हातून येते. शेवट नीट ऐका : चिप आणि ध्वनिमुद्रक हँक सिकालो यांनी घुमारा वाढवत वाढवत नेला आहे, इतका की आखीवरेखीव बंगल्यांची ती सगळी वसाहत त्या आवाजात बुडून जाते.

(गाण्याचा शेवट. घुमारा. शांतता.)

मालिकेचे ५८ भाग झाले. १९६७ मध्ये तिला सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. शेवटचा भाग २५ मार्च १९६८ ला लागला. त्याचं दिग्दर्शन मिकीचं, आणि त्यात गायक टिम बकली एकटा गिटार घेऊन बसतो आणि एक संथ गाणं म्हणतो. वेड्या मुलांच्या मालिकेचा शेवट असा होईल, असं १९६५ च्या जाहिरातीवरून कुणाला वाटलं असतं?

१९८६ च्या फेब्रुवारीत एमटीव्हीने मालिकेचे बरेचसे भाग सलग दाखवले आणि एका नव्या पिढीला ही मुलं सापडली. २०१६ साली ‘गुड टाइम्स!’ हा नवा अल्बम आला. त्यात बेन गिबर्डने लिहिलेलं ‘मी अँड मॅग्डलेना’ आहे. नेस्मिथ आणि मिकी दोघे मिळून गातात, सत्तरीतले दोन आवाज, जपून पाऊल टाकणारे. १४ नोव्हेंबर २०२१ ला लॉस एंजेलिसच्या ग्रीक थिएटरमध्ये दोघांनी शेवटचा कार्यक्रम केला. त्यानंतर महिन्याच्या आतच, १० डिसेंबरला, नेस्मिथ गेला. पीटर २०१९ मध्येच गेला होता. आता मिकी एकटा आहे.

पण थोडं मागे जाऊ. २०१२.

(चित्र : मंच, रिकामा माइक.)

२९ फेब्रुवारीला डेव्ही जोन्स गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस उरलेले तिघे दौऱ्यावर निघाले. ‘डेड्रीम बिलीव्हर’ गायचं की नाही, हा पेच होता. ते डेव्हीचं गाणं. सुरुवातीचा पियानो पीटरने बांधलेला, तो तर मंचावर होताच. पण गाणार कोण?

त्यांनी ठरवलं, आपल्यापैकी कुणीच गायचं नाही. दर रात्री प्रेक्षकांतून एकाला वर बोलवायचं. कधी कुणी घाबरत आलं, कधी कुणी धावत. पीटरचा पियानो सुरू व्हायचा, आणि समोरचं सगळं सभागृह त्या एका अनोळखी माणसाबरोबर गायला लागायचं.

(पियानो. गर्दीचा आवाज. पडदा हळूहळू काळा.)