‘कोणता कॅमेरा?’ एवढं एकच विचारू नका! घानाचा विल्यम अकुफो

नमस्कार मंडळी! मालेगावच्या सिनेमावाल्यांवरचा व्हिडिओ टाकला आणि खाली कमेंटमध्ये भांडण पेटलं. एक म्हणतो, व्हिडिओ कॅमेऱ्यावर अख्खा पिक्चर काढून गावाला दाखवणारे जगात आपणच पहिले. दुसरा म्हणतो, छे, नायजेरियावाले. तिसऱ्याने लिहिलंय, "दादा, केस कापा." ते नंतर बघू.

मालेगावच्या ‘शोले’ची धमाल २००० च्या आसपासची. नॉलिवूडची, म्हणजे नायजेरियाच्या सिनेमाधंद्याची, सुरुवात म्हणून ज्या कॅसेटचं नाव सगळे घेतात, ती १९९२ ची. आणि घानाच्या अक्रा शहरात विल्यम अकुफो नावाच्या माणसाने ‘झिनाबू’ पडद्यावर लावला तो १९८७ मध्ये. त्यामुळे मालेगाव की नायजेरिया, हे भांडण इथेच मिटवा.

घाना पश्चिम आफ्रिकेत, राजधानी अक्रा, स्वातंत्र्य १९५७ चं, पुढे देशाचे पहिले नेते एन्क्रुमांनी सिनेमा सरकारी केला. झालं, एवढं पुरे.

आता जरा थांबतो, कारण मला ज्याचा राग येतो तो प्रश्न इथेच येतो. अकुफोचं नाव काढलं की सगळ्यांचं एकच, "कॅमेरा कोणता होता?" अरे, साधा व्हीएचएस कॅसेटवाला होता! लग्नाच्या शूटिंगला असायचा तसला. तो घानात आणखीही लोकांकडे होता. मग पिक्चर यानेच का काढला?

कारण अकुफो मुळात दिग्दर्शक नव्हताच. तो धंदेवाला माणूस, परदेशी सिनेमे आणून लोकांना दाखवणारा, वितरणातला. कोणत्या प्रसंगाला लोक किंचाळतात, कुठे उठून मुतायला जातात, हे त्याने अंधारात बसून बघितलं होतं. प्रेक्षक त्याच्याकडे आधी होता, कॅमेरा नंतर आला.

पटत नाहीये? हिशेब करू. दीड तासाचा पस्तीस एमएम पिक्चर घ्या. काटकसरीने चारपट शूटिंग केलं तरी सहा तासांची फिल्म लागते. मिनिटाला ९० फूट, म्हणजे ३२ हजार फुटांच्या वर कच्चं रीळ! वर रंगीत फिल्म धुवायला परदेशी पाठवायची. त्यासाठी परकीय चलन हवं, आणि देशाची अवस्था काय? १९८३ मध्ये भीषण दुष्काळ. त्याच वर्षी नायजेरियाने सुमारे दहा लाख घानावासीयांना हाकलून दिलं, ते सगळे परत आले. लष्करी राजवट, रात्रीची संचारबंदी नुकतीच उठलेली. दुकानात साबण मिळेना, तिथे डॉलर कुठून आणणार? कॅसेटला यातलं काहीच लागत नव्हतं. शूट करा, नाही जमलं तर पुसा, त्याच कॅसेटवर पुन्हा शूट करा.

"म्हणजे कॅमेऱ्यामुळेच झालं ना!" हे मला आत्ताच ऐकू येतंय. नाही हो. स्वस्तात शूट करून कॅसेट कपाटात ठेवली असती तर आज तिचं नाव कुणी घेतलं असतं? अडचण पुढची होती. थिएटरमधलं यंत्र रीळ ओढतं, कॅसेट त्यात घालणार कुठे? त्यासाठी व्हिडिओ प्रोजेक्टर हवा. व्हीएचएसचं चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की धूसर होतं. एडिटिंग म्हणजे एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर कॉपी, आणि प्रत्येक कॉपीत रंग आणखी उडतात. असलं चित्र तिकीट लावून दाखवायची हिंमत कोण करेल? ज्याला लोक कशासाठी पैसे मोजतात हे माहीत आहे, तोच.

आमच्याकडे गणपतीत मंडळाचे लोक भाड्याने व्हीसीआर आणायचे. पूर्ण रात्र, तीन पिक्चर. पडद्यावर मुंग्या, आवाज घोगरा, आणि आम्ही पोत्यांवर बसून शिट्ट्या मारतोय. चित्र खराब आहे म्हणून कुणी उठून गेल्याचं मला आठवत नाही. व्हीसीआरवाल्याला मात्र चहा पहिल्यांदा मिळायचा, अध्यक्षांच्याही आधी!

तर ‘झिनाबू’. सोबत रिचर्ड क्वार्टी होते. गोष्ट अशी: झिनाबू ही चेटकीण. तिचा एका गरीब मेकॅनिकवर जीव जडतो. ती त्याला श्रीमंत करते, पण अट घालते की बाईचा नाद करायचा नाही. पुढे काय होणार ते तुम्ही ओळखलंत, अक्राच्या लोकांनीही ओळखलं असणार, तरी हॉल भरले. दुष्काळातून निघालेल्या शहराला "फुकटचा पैसा कुठून येतो आणि त्याची किंमत काय" यापेक्षा जवळची गोष्ट कोणती असणार?

इथे शिकलेल्या मंडळींनी नाक मुरडलं. सरकारी घाना फिल्म इंडस्ट्री कॉर्पोरेशनमध्ये रीतसर प्रशिक्षण घेतलेले लोक होते. त्यांचं म्हणणं, ना शिक्षण ना तंत्र, वर चेटूक दाखवून देशाची बदनामी. तंत्राबद्दल ते खोटं बोलत नव्हते, हे मी मान्य करतो. काही सीनमध्ये आवाज खरंच वाईट आहे. पण हॉलबाहेरची रांग बघून ते वितळले. पुढे सरकारी मंडळींनी या व्हिडिओवाल्यांना मदतीचा हात दिला आणि स्वतःही व्हिडिओवर आले.

आणि अकुफो तिथे थांबला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा ‘डायबोलो’ आला. त्यात माणसाचा साप होतो, तो वेश्येच्या शरीरात शिरतो आणि मग ती नोटा ओकते. जास्त वर्णन केलं तर या व्हिडिओच्या जाहिराती जातील, म्हणून इथेच आवरतो. एवढं सांगतो की ‘डायबोलो’ इतका चालला की त्याचे पुढचे भागही निघाले.

"पण त्याला कलाकार म्हणायचं की व्यापारी?" असं एका ताईंनी विचारलंय. ताई, मी सरळ व्यापारी म्हणतो, आणि कौतुकाने म्हणतो. त्याच्या मागोमाग आलेली पोरंही फिल्म स्कूलमधली नव्हती. सॉक्रेट साफो तर मोटार मेकॅनिकचं काम शिकत होता, तिथून तो निर्माता झाला. फोनवर शॉर्ट फिल्म काढून "सर, बघा ना" असे मेसेज मला रोज येतात. माझा उलटा प्रश्न असतो: दाखवणार कुठे, कुणाला? त्यावर उत्तर येतं, "सर, फोर के आहे."

आणि ती सरकारी कॉर्पोरेशन? १९९६ मध्ये तिचा ७० टक्के हिस्सा एका मलेशियन टीव्ही कंपनीला विकला गेला. कॅसेटवाल्यांचा धंदा मात्र चालूच राहिला, अक्राच्या बाजारात दुकानं थाटून.

केसांचं म्हणाल तर कापणार नाही.