जीभ कशी आहे?

(दृश्य: सदाशिव पेठेतला अरुंद बोळ. सकाळचं कोवळं ऊन. चालणारी मुलाची पावलं.)

1944. सकाळचे साडेसात. अकरा वर्षांचा एक मुलगा झपाझप निघालाय. डाव्या हातात औषधाची रिकामी बाटली, उजव्या हातात वही. बाटली भरून आणायची आणि वही डॉक्टरांना दाखवायची. घरी त्याची मोठी बहीण मुदतीच्या तापानं, म्हणजे टायफॉइडनं, अंथरुणाला खिळलीय. आजचा नववा दिवस.

हा मुलगा म्हणजे माझे वडील. ती वही अजून आमच्याकडे आहे.

(दृश्य: वहीचं पिवळं पडलेलं पान.)

आजोबांनी पट्टी धरून रकाने आखलेत. वेळ. ताप. नाडी. पोटात काय गेलं. शौच, लघवी. आणि शेवटचा रुंद रकाना, शेरा. सकाळी सहा, 102.4. दुपारी दोन, 103.6. रात्री नऊ, 104. शेऱ्यातले शब्द आजीचे, अक्षर आजोबांचं: "पहाटे बडबडली. पाणी दोन घोट. हाक मारली की डोळे उघडते." त्याच्या बाजूला, समासात, शिसपेन्सिलीनं वेगळ्याच हातानं लिहिलेली दोन अक्षरं आहेत. जीभ? पुढे प्रश्नचिन्ह.

तो प्रश्न डॉक्टरांचा. ते काही रोज घरी यायचे नाहीत, रोज बोलावणं आजोबांना परवडणारंही नव्हतं. मधल्या दिवसांत माझी आत्या त्यांच्यापर्यंत पोचायची ती या वहीतून आणि धाकट्या भावाच्या तोंडून.

दुखणाइताच्या घरून वैद्याकडे जाणारा माणूस. आपल्याकडे त्याचा विचार फार जुना आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात शारीरस्थानाचा सहावा अध्याय आहे, दूतादिविज्ञानीय. वैद्याला बोलवायला आलेला दूत कसा आहे, कोणत्या वेळी आला, काय बोलला, यावरून रोग्याचं पुढचं ओळखावं, असं तिथे सांगितलंय. भ्यालेला, धावत आलेला, अभद्र बोलणारा दूत अशुभ. यातला शकुनाचा भाग आज कुणी मानणार नाही, मीही मानत नाही. पण भेदरलेल्या माणसाचं सांगणं विसकटतं, हे ज्यानं एकदा तरी रात्री-अपरात्री डॉक्टरांचं दार ठोठावलंय त्याला ठाऊक असतं.

चरकसंहितेतलं मला त्याहून जवळचं वाटतं. चिकित्सेचे चार पाय: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. शुश्रूषा करणाऱ्याचे गुण चार, उपचाराची जाण, दक्षता, स्वच्छता आणि अनुराग. म्हणजे रोग्यावरची माया शास्त्रानं गुणांमध्ये धरलीय. रोग्याचेही चार गुण आहेत. स्मरण असावं, सांगितलेलं ऐकावं, भिऊ नये, आणि चौथा ज्ञापकत्व. आपल्याला काय होतंय ते सांगता येणं.

आणि तापानं शुद्ध हरपली असेल, तर? मग ते सांगणं उशाशी बसलेल्यावर येतं.

(दृश्य: वाड्याचं माजघर. कोपऱ्यात तांब्या-भांडं, घडी केलेलं फडकं.)

उशाशी बसलेल्या बायकांकडे केवढे शब्द होते! कणकण म्हणजे ताप नव्हे, आणि कसर म्हणजे ताप पुरता गेलेला नव्हे. अंग फणफणतं ते वेगळं, अंग मोडून येतं ते वेगळं. दुखण्याला तर किती नावं: ठणका, कळ, चमक, सणक, रग, मुरडा. ठणका राहून राहून मारतो, चमक येते आणि जाते, मुरडा पोटातच. ग्लानी निराळी, झोप निराळी. बरं होण्याच्याही पायऱ्या होत्या. आधी औषध लागू पडायचं, मग उतार पडायचा, मग तोंडाला चव यायची. आणि "दुखणं उलटलं" या दोन शब्दांनी घर पुन्हा गप्प व्हायचं. वैद्य या शब्दांवर निदान तोलायचे. दर्शन, स्पर्शन, प्रश्न, ही त्यांची परीक्षा. समोर रोगी नसेल तेव्हा पहिल्या दोन्हींचं कामही प्रश्नालाच करावं लागे.

मात्र बाईच्या दुखण्याची वाट इथे अडायची. तिला कुठे दुखतं ते आधी सासूला कळायचं, सासूकडून घरातल्या पुरुषाला, आणि तो ओसरीवर वैद्यांपुढे बसून सांगायचा. पाळीचं, अंगावरून जाण्याचं, बाळंतपणानंतरचं दुखणं पुरुषाच्या जिभेवर यायचंच नाही. "पोटात दुखतंय म्हणते," एवढ्यावर निभावून न्यायचं. किती बायका त्या एका वाक्यामागे राहून गेल्या असतील! रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या मुलींना, विधवांना परिचारिकेचं शिक्षण घ्यायला ससून रुग्णालयात धाडलं. त्या शिकून बाहेर पडल्या तेव्हा बाईचं दुखणं बाईनं डॉक्टरांना नीट शब्दांत सांगायची सोय झाली. सेवासदनचं हे काम मला फार मोठं वाटतं.

(दृश्य: थेऊरच्या चिंतामणीचं देऊळ.)

पुण्यापासून साधारण 25 किलोमीटरवर थेऊर. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थोरले माधवराव पेशवे राजयक्ष्म्यानं, म्हणजे क्षयानं, इथे गेले, अवघ्या 27 व्या वर्षी. त्यांच्या तब्येतीतल्या चढउताराची बातमी वैद्याइतकीच दरबाराला हवी होती आणि शत्रूलाही.

(दृश्य: जुन्या पेठेतली बंद दारं.)

आणि एक काळ या शहरानं असा पाहिला, की आजार सांगणं हेच संकट झालं. 1897. प्लेग. रँडच्या प्लेग कमिटीच्या हुकमानं सोल्जर घराघरांत शिरत. रोगी सापडला की तो इस्पितळात आणि घरची माणसं विलगीकरणाच्या छावणीत. मग काखेत किंवा जांघेत गाठ आलेली कोण कुणाला सांगणार? लोकांनी आपली माणसं माळ्यावर, अडगळीत दडवली. प्लेगच्या त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना हडपसरजवळ, डॉक्टर यशवंतकडे, आपल्या मुलाकडे पोचवत होत्या. त्यातच प्लेग होऊन 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

(दृश्य: काचेचा थर्मामीटर, उजेडासमोर धरलेला.)

ही काचेची कांडी आपल्या घरांत आली आणि सांगण्याची रीत बदलली. आधीचे थर्मामीटर फूटभर लांब होते, वीस-वीस मिनिटं लावून ठेवावे लागत. 1860 च्या दशकात टॉमस क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरनं तो सहा इंचांचा केला. आता आजोबा झटका देऊन पारा खाली आणत, काखेत लावत, खिडकीपाशी जाऊन तिरपा धरून वाचत. "अंग पोळतंय" याच्या जागी आकडा आला. पण शेऱ्याचा रकाना त्यांनी ठेवलाच. पाऱ्याला न कळणारं सगळं त्या रकान्यात आहे.

वहीतलं सतरावं पान.

पहाटे पाच. ताप 97. आदल्या रात्रीचा आकडा 103.2. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आजीनं देवापुढे साखर ठेवली. वडील त्या दिवशी धावतच दवाखान्यात गेले, रांगेत न थांबता आत शिरले आणि म्हणाले, "डॉक्टर, ताईचा ताप उतरला!"

डॉक्टर हसले नाहीत. वही घेतली, नाडीचा रकाना पाहिला. काल 96, आज 130.

"हातपाय गार आहेत का रे?"

"हो. आईनं पांघरूण घातलंय."

"घाम?"

"खूप. उशी भिजलीय."

"शौचाला झालं? काळं होतं?"

हे वडिलांना माहीत नव्हतं. डॉक्टर तोवर उठले होते. कंपाउंडरला दोन शब्द सांगितले, बॅग उचलली, मुलाला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवलं आणि निघाले.

मुदतीच्या तापात तिसरा आठवडा सगळ्यात अवघड. आतड्यातले व्रण फुटून रक्त जाऊ लागलं, तर ताप एकाएकी कोसळतो आणि नाडी पळत सुटते. ज्या आकड्यानं घर सुखावलं, तोच धोक्याचा होता. आणि त्या वेळी त्यावर नेमकं औषध नव्हतं. क्लोरँफेनिकॉल टायफॉइडवर चालतं हे दिसून आलं ते 1948 साली, चार वर्षांनी. होती ती फक्त शुश्रूषा. खाटेच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या. मंडईतून भुशात गुंडाळलेला बर्फ आणून पोटावर पिशवी ठेवली. तोंडानं काही नाही, कूससुद्धा बदलायची नाही. त्या दिवशी वहीत तासातासाच्या नोंदी आहेत आणि वडिलांनी चार खेपा घातल्या. नाडी 130. 128. 128. 120. संध्याकाळी 112. शेऱ्यात आजीचं एकच वाक्य: "हात थोडे ऊन लागतात."

वडील पुढे कितीतरी वर्षं सांगत, की त्या दिवसापासून ते दवाखान्यात जाण्याआधी ताईला जीभ दाखवायला लावत. डॉक्टरांनी विचारण्याआधीच उत्तर तयार असायचं. वहीतही ते दिसतं. अठराव्या पानापासून शेऱ्याखाली शाळकरी अक्षरात ओळी येतात. "जीभ कोरडी, मधे तपकिरी." "जीभ कोरडी, कडा लाल." "जीभ थोडी ओली." चोविसाव्या दिवशी: "जीभ ओली. मला वेडावून दाखवली."

(दृश्य: वहीचं शेवटचं लिहिलेलं पान. हलकेच पान उलटणारा हात.)

एकोणतिसावा दिवस. ताप 98, सकाळी आणि रात्रीही. शेऱ्यात या वेळी आजीचे शब्द नाहीत, आजोबांचं अक्षर नाही, वडिलांचंही नाही. ओळ वाकडी, खाली उतरत गेलेली, टाकावर जोर नसलेली:

"डॉक्टरांस नमस्कार. मी बरी आहे. भात कधी मिळेल ते कळवावे."

खाली शिसपेन्सिलीनं: "चार दिवसांनी. मऊ."