सहा इंजिनांचा गिगांट

नमस्कार, श्रोतेहो. आज ज्या विमानाबद्दल बोलायचंय, ते आधी ग्लायडर होतं. म्हणजे इंजिनच नाही. मेसरश्मिट कंपनीचं हे धूड, सगळे त्याला गिगांट म्हणत.

१९४० च्या अखेरीस जर्मनीला इंग्लंडवर उतरायचं होतं. रणगाडे समुद्रापार न्यायचे कसे, या विवंचनेतून हे ग्लायडर जन्मलं. पंखांचा विस्तार ५५ मीटर. सांगाडा पोलादी नळ्यांचा, वरून लाकूड आणि कापड. नाकाची दोन दारं जुन्या वाड्याच्या दरवाज्यासारखी उघडायची आणि ट्रक थेट आत शिरायचा. पण ते ओढायला एकाच वेळी तीन विमानं जुंपावी लागत. तीन दोर, तीन वैमानिक, मागे वीसेक टनांचं ओझं. जिवावरचाच खेळ तो. शेवटी दोर सोडले आणि ताब्यात घेतलेल्या फ्रान्समधली नोम-रोन इंजिनं बसवली. एक-दोन नाही, सहा! ओझं जवळपास निम्म्यावर आलं, पण विमान स्वतःच्या बळावर उडू लागलं. मात्र वेग बेताचाच, ताशी तीनशे किलोमीटरच्याही आत. हे ध्यानात ठेवा, विमान प्रचंड आणि संथ.

आता मला सांगायचीच आहे ती २२ एप्रिल १९४३ ची गोष्ट. ट्युनिशियात जर्मन आणि इटालियन सैन्य कोंडीत सापडलं होतं. जहाजं बुडत होती, रणगाडे पेट्रोलवाचून अडले होते. तेव्हा सिसिलीकडून गिगांटांचा तांडा निघाला, पोटात पेट्रोल भरून, पाण्याला जवळजवळ चिकटून, भर दिवसा. एकेका पंखाच्या आत छोटीशी खोली होती. तिथे एक इंजिनिअर बसायचा, आपल्या बाजूच्या तीन इंजिनांवर नजर ठेवून. खाली समुद्र, अवतीभवती इंजिनांचा गडगडाट, मागे पेट्रोल. केप बॉनजवळ स्पिटफायर आणि दक्षिण आफ्रिकेच्या वैमानिकांची किटीहॉक विमानं तुटून पडली. सोबतची रखवालीची विमानं पुरी पडली नाहीत. गिगांटवर बंदुका होत्या, कापडातून गोळ्या आरपार जाऊनही सांगाडा तग धरायचा. पण पेट्रोल कुठे तग धरणार? तांड्यातली बहुतेक विमानं त्या दिवशी समुद्रात गेली, माणसांसकट. पुन्हा सांगतो, प्रचंड, संथ, आणि पोटात पेट्रोल. अशा विमानाला भर दिवसा पाठवणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही. राजवट कसली होती ते ठाऊक असूनही, पंखात बसलेल्या त्या इंजिनिअरांसाठी जीव तुटतो. तीन आठवड्यांच्या आत ट्युनिशियाही पडलं.

आपल्याकडे मुलांना लढाऊ विमानांची नावं पाठ असतात, ओझं वाहणाऱ्यांची नाहीत. हे मला खटकतं. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला जवान पोचले ते डाकोटांमधून. शाळेत हे आधी शिकवायला हवं! असो.

गिगांटचं उत्पादन १९४४ मध्ये थांबलं. दोनशेच्या आसपास बनली, पूर्ण असं एकही उरलेलं नाही. २०१२ साली सार्डिनियाजवळ समुद्रतळाशी एकाचे अवशेष सापडले. बर्लिनच्या गाटो इथल्या लष्करी विमान संग्रहालयात पंखाची मुख्य तुळई मात्र जपून ठेवलीय. तिकडे जाणं झालं, तर लढाऊ विमानांशी रेंगाळू नका, आधी ती तुळई बघा. नमस्कार.