गोंडघर फाट्यावरची रात्र

(पहाट. शेखाडीचा किनारा. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या.)

ही शेखाडी. रायगडातल्या श्रीवर्धन तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. १९९३च्या जानेवारीत जवळच्या दिघीला आणि फेब्रुवारीत इथे, रात्रीच्या काळोखात शस्त्रं आणि स्फोटकं उतरली. १२ मार्चला मुंबई हादरली. २५७ माणसं गेली.

माल मुंबईपर्यंत पोचला कसा? किनारा गरीब होता म्हणून? नाही. दिघीचा माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवला होता. लाच ठरली, रोकड कमी पडली, तेव्हा चांदीच्या विटा तारण ठेवून गाड्या पुढे गेल्या. कस्टमचे अधिकारीही सामील होते. न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं. कुंपणानंच शेत खाल्लं.

(नकाशा: सोमालिया, माली, अफगाणिस्तान.)

खिळखिळ्या झालेल्या देशांत विकासनिधी देऊन अतिरेकी हिंसा रोखायची, अशा योजनांविषयी वाचताना मला दर वेळी हा फाटा आठवतो. मी याच किनाऱ्यावरची. बहुतेक योजना एका समजुतीवर उभ्या असतात: पोरांच्या हाताला काम द्या, ती बंदूक धरणार नाहीत.

काम हवंच. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं आफ्रिकेतल्या आठ देशांत सुमारे २,२०० जणांशी बोलून २०२३ साली अहवाल काढला. अतिरेकी गटांत आपणहून गेलेल्यांपैकी पाव हिश्श्यानं रोजगार हेच मुख्य कारण सांगितलं. पण जवळजवळ निम्म्या जणांना एक ठरावीक प्रसंग आठवत होता, ज्यानं त्यांना तिकडे ढकललं. त्यांतल्या ७१ टक्क्यांच्या बाबतीत तो प्रसंग मानवी हक्क तुडवले गेल्याचा होता, आणि तुडवणारे बऱ्याचदा सरकारचेच जवान. भावाला उचलून नेलं. बापाला मारलं. अशा घरात सुतारकामाचा वर्ग काय करणार?

कंदाहारमध्ये मर्सी कोअर या संस्थेला हेच दिसलं. नुसत्या कामाच्या प्रशिक्षणानं तरुणांची कमाई सुधारली, हिंसेकडे पाहण्याची नजर तेवढ्यानं बदलली नाही. आणि अफगाणिस्तानात घाईघाईनं ओतलेल्या पैशानं भ्रष्टाचारच पोसला, हे अमेरिकेच्या स्वतःच्या तपासणी कार्यालयानं २०१८ साली लिहून ठेवलं आहे.

(घाटातला रस्ता. दूरवर नाका.)

म्हणून रस्त्यासाठी निधी द्यायचा असेल, तर आधी त्या रस्त्यावर बसून पाहा. नाके किती? मासळीची गाडी प्रत्येक नाक्यावर काय मोजते? तिथल्या शिपायाचा पगार किती महिने थकलाय? रात्री उचललेला पोरगा कुठे आहे, हे त्याच्या आईला किती दिवसांनी कळतं? हे दर महिन्याला गावातल्याच माणसांकडून मोजून घ्या, आणि निधीचा पुढचा हप्ता त्या आकड्यांवर सोडा.

शिलाई यंत्रं किती वाटली, ते त्यानंतर पाहू.