गावातच घासा दुर्बिणीचा आरसा

नमस्कार मंडळी! माझ्या हातातली ही काच बघा. सहा इंच व्यास, १९ मिलिमीटर जाडी. हिला घरीच हाताने घासून दुर्बिणीचा आरसा बनवता येतो. २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. इतकं काळंभोर आभाळ विदर्भाच्या नशिबी आहे, मग दुर्बीण आपल्या गावात का घडू नये?

पाण्याने भरलेल्या ड्रमवर एक काच पक्की बसवा. वर ८० नंबरची, म्हणजे जाडसर, कार्बोरंडम पावडर (काच घासणारी कठीण भुकटी), थोडं पाणी, आणि त्यावर ही दुसरी काच. पुढे-मागे घासा, हातातली काच जराशी फिरवा, स्वतः ड्रमभोवती एक पाऊल सरका. परत तेच. वरच्या काचेचा मधला भाग खालचीच्या कडेवर जास्त घासला जातो, म्हणून वरची खोलगट होते, खालची फुगते.

आता नीट ऐका. दोन वक्र काचा कुठल्याही दिशेने सरकवल्या तरी एकमेकींना सगळीकडे टेकून राहतील, असा आकार एकच: गोलाचा तुकडा. जिथे उंचवटा उरतो, तिथेच पावडर चावते. त्यामुळे हात थोडा वाकडातिकडा गेला तरी घाबरू नका. उलट घासण्यात तोचतोचपणा आला, की आकार बिघडतो.

पहिला आरसा सहा इंची आणि १२०० मिलिमीटर फोकसचाच (म्हणजे ताऱ्याचा प्रकाश इतक्या अंतरावर एकवटणारा) करा. मधली खोली जेमतेम १.२ मिलिमीटर लागते, आणि इतक्या लांब फोकसला गोल आकारावरही काम भागतं. मोठ्या आरशाची घाई नको.

पुढे १२०, २२०, ४००, ६०० अशी बारीक पावडर. दर वेळी बादली, टेबल, नखं, कपडे, सगळं धुवा. ८० चा एक कण ४०० मध्ये आला, की ओरखडा पडलाच. वावरातली धूळ उडते त्या दिवसांत दार लावून घासा. पावडर कायम ओली ठेवा, कोरडी छातीत जाते.

पॉलिश पिच (डांबरासारखा चिकट पदार्थ, त्याचा खाचा पाडलेला थर) आणि सेरियम ऑक्साईड (काच चकचकीत करणारी बारीक भुकटी) यांनी होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला, की पिच ओघळतं, त्यात पाडलेल्या खाचा बुजतात. राळ मिसळून ते कडक करता येतं, पण माझं ऐकाल तर पॉलिश दिवाळीनंतरच धरा.

तपासणी फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या पद्धतीने, १८५८ सालची. आरशापासून २४०० मिलिमीटरवर बारीक छिद्रामागे एलईडी ठेवा आणि परत येणारा प्रकाश ब्लेडने हळूच कापा. गोल बरोबर असेल तर अख्खा आरसा एकदम, सारखा करडा होतो. एकदा काचेवर अर्धा मिनिट अंगठा टेकवून बघा. त्या उबेने काच फुगते, आणि तो फुगवटा टेकडीसारखा ढळढळीत दिसतो! म्हणून पॉलिश केल्यावर काच थंड होईपर्यंत तपासायची नाही.

अॅल्युमिनियमचा थर निर्वात यंत्रात चढतो, त्यासाठी आरसा बाहेर पाठवावाच लागतो. पण त्याआधी तो तसाच नळीत बसवून चंद्र बघा. नुसती काचही चारेक टक्के प्रकाश परतवते, चंद्राला तेवढा पुरतो. विवरांच्या कडा धूसर दिसल्या, तर परत पॉलिशला बसा, कोटिंगचे पैसे वाचतील.